कधी न जळणारं यंत्र

उन्हाळा लागला की गावातल्या मोटारी जळायला लागत. सगळे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली बसायचं, आणि ते बसलं की मोटार आधी गुरगुरायची, मग तापायची आणि शेवटी काळा धूर सोडून गप्प व्हायची. मग मालक तिला सायकलच्या कॅरिअरला बांधून मिस्त्रीच्या दारात आणून टाकायचा आणि आजारी जनावराची चौकशी करावी तसं विचारायचा, "काय झालं असेल हो हिला?"

"काय होणार? जळली," मिस्त्री म्हणायचा. उघडून बघायची गरजच नसायची. जळक्या वॉर्निशच्या वासात तीस वर्षं काढली होती त्याने. जेवतानासुद्धा बोटांना तोच वास यायचा.

एकाचं दुखणं ते दुसऱ्याचं पोट, त्यातलीच गत. गावाला उन्हाळा नको व्हायचा आणि मिस्त्रीचं वर्षच उन्हाळ्यावर निघायचं. यंदा तर भिंतीला लागून बारा मोटारी रांगेत पडल्या होत्या आणि पिठाच्या गिरणीची तेरावी, सगळ्यांत मोठी, वाटेतच आडवी. घरात शिरायचं तर तिला ओलांडून. पत्र्याची एकच लांब खोली, पुढे कारखाना, मध्ये पडदा, मागे संसार. कुणी मागे चहा ढवळला तरी पुढे ऐकू यायचं.

खरं सांगायचं तर ते काम आता मिस्त्री करत नव्हता. बाहेर पाटी त्याची, शब्द त्याचा, उशीर झाला तर शिव्याही त्यालाच; पण काम पोरीचं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या डोळ्यावर पांढरा पडदा यायला लागला आणि त्याच सुमाराला अंगठाही थरथरायला लागला. केसाएवढी तार खाचेत बसवायची तिथे थरथरता अंगठा काय कामाचा? जळकी तार छिन्नीने तोडून काढायची, सांगाडा घासून साफ करायचा, वॉर्निश ओतायचं, एवढं तो करी. हँडल फिरवून साच्यावर तारेचे वेढे मोजून घेणं आणि ते एकेक करून खाचांत बसवणं पोरगी करायची.

पोरगी एकवीस वर्षांची. तिला सगळं गाव खार म्हणायचं. लहानपणी बापाच्या पायाशी बसून दोन्ही हातांनी तारेचे तुकडे गोळा करायची म्हणून बापानेच पाडलेलं नाव. शाळेतलं नाव आता तिचं तिलाही परकं वाटायचं. ती कामाला बसली की बघणाऱ्याला बोटं अशी दिसायचीच नाहीत, नुसतं काहीतरी हललेलं दिसायचं. "मिस्त्री, हिच्या बोटांना मीटर लावा एकदा," गिरणीवाला म्हणायचा.

त्याच बोटांनी ती खेळायची. बाजाराच्या गावात कॉम्प्युटरचा कॅफे होता, तिथे दर रविवारी दोन तास. पाच जणांचा संघ, समोर दुसरे पाच जण, पडद्यावर पळायचं, लपायचं आणि दिसला की टिपायचा. आईला ते काही पटत नसे. "गोळ्या झाडून कुणाचं पोट भरलंय का गं?" असं ती विचारायची. पण भरत होतं म्हणे काहींचं. मोठ्या शहरातल्या एका संघाला पाचवा खेळाडू हवा होता. महिन्याला पगार, राहायला खोली, दोन वेळचं जेवण. त्या संघाच्या मुख्य मुलीने खारीचा खेळ बघितला होता आणि निरोप धाडला होता: महिनाअखेरच्या रविवारी दुपारी चारला आमच्याबरोबर खेळून दाखव, तुझ्या घरून खेळलीस तरी चालेल.

नेमका तेव्हाच कॅफे बंद पडला. तिथे चपलांचं दुकान आलं.

"बाबा, मशीन घ्यायचंय," ती एका सकाळी म्हणाली. हात चालूच होते. "खेळायचं. पन्नास हजारांत बसतं. मी तीन महिने बघतेय."

पन्नास हजार म्हणजे दोन उन्हाळ्यांची शिल्लक, आणि ते दोन्ही उन्हाळे तिच्याच बोटांनी ओढले होते. एवढा न्याय मिस्त्रीला कळत होता. तो लगेच म्हणाला, "घेऊ." मागून आईने नुसता भांड्याचा आवाज केला.

खारीने चिठ्ठी काढली. वहीचं पान, चार घड्या पडलेलं, कडा मळलेल्या. इतक्या वेळा खोडून लिहिलं होतं की कागद मध्ये पातळ झाला होता.

"हे बघा. निम्मे पैसे या एका कार्डाला. उरलेल्या निम्म्यात बाकीचं सगळं."

"एका कार्डाला निम्मे?"

"पडद्यावरची चित्रं तेच पळवतं. ते नसलं तर काही नाही. नवं परवडत नाही म्हणून जुनं घ्यायचं, वर्षाच्या हमीचं. जुनं घेतलं की एक पायरी वरचं मिळतं. बाहेरचा डबा कसलाही चालेल, रंग उडालेला, पोचा आलेला. पडदा जुना. दिवेबिवे काही नकोत."

"आणि वीज कुठून घेणार हे सगळं?"

"त्याचा वेगळा डबा असतो आत. मधल्या दर्जाचा लिहिलाय. पुरतो तेवढा."

मिस्त्रीने ओठ मुडपले. पुरतो तेवढा, हे शब्द त्याने आयुष्यभर ऐकले होते आणि ते म्हणणाऱ्यांच्याच मोटारी भिंतीला लागून पडल्या होत्या.

तिने स्वतःच बाजाराच्या गावातल्या दुकानात जायचं ठरलं होतं, पण गिरणीची मोटार त्याच संध्याकाळी द्यायची होती. गावाचं दळण चार दिवस अडलं होतं, बायका रिकामे डबे घेऊन गिरणीवाल्याच्या नावाने बोटं मोडत होत्या. आणि दुकानदाराने ते जुनं कार्ड तेवढ्या दिवसापुरतंच बाजूला ठेवलं होतं, दुसरं गिऱ्हाईक टपून होतं. तिने दुकानात फोन करून सांगितलं, माझे वडील येतायत. मिस्त्री बाहेर पडताना त्याच्या खिशात चिठ्ठी कोंबली आणि म्हणाली, "बाबा, दुसऱ्या कशातही दोन पैसे इकडेतिकडे करा. कार्डाला हात लावायचा नाही."

"अगं, यंत्र घ्यायला चाललोय, भाजी नाही. लोखंड आणि तांबं माझ्याइतकं कोण ओळखतं?"

दुकान काचेचं होतं. मिस्त्रीने दार ढकललं, ते उघडेना. आतला दुकानदार हाताने खूण करून सांगत होता, ओढा, ओढा. बाहेर उभी असलेली दोन कॉलेजची पोरं हसली. मिस्त्रीने ओढलं आणि आत शिरताना पायपुसण्यावर चपला दोनदा घासल्या, कारण आतली फरशी घरातल्या ताटापेक्षा स्वच्छ होती.

दुकानदार पंचविशीचा, चष्मेवाला, बोलायला गोड. "या काका, खार मॅडमचे वडील ना? सगळं काढून ठेवलंय." एकेक वस्तू त्याने काउंटरवर मांडली. मिस्त्रीने कार्ड उचलायला हात पुढे केला तर तो म्हणाला, "काका, फक्त कडेला धरा हं." मिस्त्रीने हात मागे घेतला. बोटांच्या चिरांत वॉर्निश बसलेलं, ते तीस वर्षांत साबणाने निघालं नव्हतं. त्याने हात विजारीला पुसले आणि नुसताच वाकून बघत राहिला. बघून काही कळत नव्हतं. दोन पंखे आणि काळं प्लास्टिक.

मग विजेचा डबा आला. तो मात्र त्याने न विचारता उचलला. तळव्यावर तोलला. खाली ठेवला.

"यात तांबं नाही."

"काय म्हणालात?"

"हलका आहे. दुसरा दाखव."

दुकानदाराने दुसरा दिला, मग तिसरा. मिस्त्रीने प्रत्येक डबा डोळे मिटून तोलला, कानाशी नेऊन हलवला, जाळीला नाक लावून हुंगला. तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हा खरा. यात माल आहे."

दुकानदाराने चष्मा वर केला. "काका, मानलं तुम्हाला. न वाचता ओळखलंत. दुकानातला सगळ्यांत चांगला तोच आहे." ती हसणारी कॉलेजची पोरं आता आत येऊन उभी होती. त्यातल्या एकाने विचारलं, "वजनावरून कळतं का खरंच?" मग मिस्त्री बोलायला लागला. तांबं किती, लोखंड किती, व्होल्टेज बसलं की प्रवाह कसा चढतो, तार कशी तापते, लोक चार पैसे वाचवायला जातात आणि मग काय होतं. पोरं ऐकत होती. दुकानदार ऐकत होता. गेल्या दोन वर्षांत मिस्त्रीचं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. घरी गिऱ्हाईक आलं की त्याला ओलांडून थेट पोरीला विचारायचं.

"हाच दे," तो म्हणाला. "आणि आमच्याकडे व्होल्टेजचा भरवसा नाही. स्टॅबिलायझर दे, मोठा. आणि ते बॅटरीचं, लाइट गेली तरी मशीन चालू ठेवतं ते."

दुकानदाराने आकडेमोड केली आणि मान हलवली. "काका, बरंच वर जातंय."

"मग काहीतरी काढ."

"काढण्यासारखं काही नाही यात. मॅडमनी आधीच सगळं तासून लिहिलंय."

मिस्त्रीने काउंटरवर नजर फिरवली. "हे कार्ड काढलं तर मशीन चालू होतं का?"

"चालू होतं. पण..."

"मग झालं."

दुकानदाराने कार्डाकडे एकदा बघितलं. "काका, तुम्ही बसा, मी पाणी सांगतो," असं म्हणून तो फोन घेऊन मागच्या गोदामात गेला. दोन-चार मिनिटांनी बाहेर आला, फोन काउंटरवर ठेवला आणि मिस्त्रीच्या समोर खुर्ची ओढून बसला. आवाज बदललेला होता. जरा सावकाश, जरा मोठ्याने बोलत होता.

"काका, तुमच्याच कामातलं सांगतो. समजा, गिरणीवाला आला. त्याने स्टार्टर घेतला दहा हॉर्सपॉवरचा. केबल घेतली दहाची, जाडजूड. आणि जात्याला मोटार जोडली अर्ध्या हॉर्सपॉवरची. केबल जळेल का?"

"कशी जळेल? दहाची केबल ना ती."

"नाही जळणार. पण जातं दळेल का?"

मिस्त्रीने विजेचा डबा जरा जवळ ओढला.

"कार्ड काढलं तर हे मशीन तसं होणार. मॅडमना ज्यासाठी पाहिजे तो खेळ त्यावर चालणार नाही. स्पष्ट सांगतोय. स्टॅबिलायझर नंतर घेता येईल, महिन्याने घ्या. कार्ड आज घ्या. काय करू?"

हे ऐकून न कळायला मिस्त्री काही दुधखुळा नव्हता. गिरणी त्याला कळत होती. आयुष्यात त्याला कुणी कुठलीही गोष्ट इतकी सोपी करून सांगितली नव्हती. तो काउंटरवरच्या त्या पंख्यांच्या कार्डाकडे बघत राहिला. जुनं आहे, त्याने स्वतःला सांगितलं. आपल्या व्होल्टेजला आठ दिवस टिकणार नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यात वाईट काय?

पण त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती आणि तीही त्याला तितकीच स्वच्छ दिसत होती. दळलं तर पोरगी जाणार. शहरात खोली, पगार, दोन वेळचं जेवण. मग बारा मोटारी, नाही, तेरा मोटारी, आणि हा अंगठा. त्याने अंगठा मुठीत धरला.

"हेच दे," तो म्हणाला. "मी सांगतो तसं. कार्ड नको."

"नक्की ना काका?"

"एकदा सांगितलं ना, हेच दे."

दुकानदाराने काउंटरवरचा फोन उचलून खिशात टाकला आणि कार्ड परत कपाटात ठेवलं.

संध्याकाळी खार सायकल घेऊन थांब्यावर आली होती. गिरणीची मोटार देऊन झाली होती, हात अजून काळे होते. खोका उचलताना ती थोडी वाकली.

"केवढं जड आहे," ती म्हणाली.

"जड आहे म्हणजेच चांगलं आहे. शंभर वर्षं जळणार नाही." मिस्त्री भराभर बोलायला लागला, दुकानात पोरं कशी तोंडात बोट घालून ऐकत होती, दुकानदार काय म्हणाला. "कार्डाचं काय झालं, सांगतो. ते जुनं होतं, वासच बरोबर नव्हता. पुढच्या महिन्यात नवंच घेऊ."

"बरं," ती म्हणाली. सायकल ढकलत पुढे चालू लागली. मिस्त्रीला वाटलं होतं ती भडकेल, निदान रस्त्यात थांबेल. ती थांबली नाही. त्याला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली.

पडद्याच्या अलीकडे, मोटारींच्या रांगेच्या टोकाला मशीन मांडलं. स्टॅबिलायझर तेवढा मोठा की तो ठेवायला स्टूल कमी पडलं, गिरणीचं जुनं लोखंडी चाक खाली घालावं लागलं. आईने एकदा सगळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मिस्त्री खेकसला.

खेळ उतरवून घ्यायलाच दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी खारीने तो सुरू केला आणि मिस्त्री तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. पडद्यावर एक गल्ली आली. गल्ली हलेना. मग एकदम पुढे सरकली, थांबली, पुन्हा सरकली. खारीची बोटं होती तशीच पळत होती, पडद्यावरची बाई मात्र पायात खडा गेल्यासारखी अडखळत चालली होती. ती कोपऱ्यावर पोचायच्या आत पडदा लाल झाला.

"काय झालं?"

"मेले," खार म्हणाली.

तिने मग एकेक गोष्ट बंद करायला घेतली. सावल्या काढल्या, झाडं काढली, भिंतींवरचा रंग काढला. सगळं चिखलासारखं दिसायला लागलं. तरी थोडं बरं चालायचं, पण माणसं अंगावर आली, धूर झाला की पुन्हा तेच. पाच दिवस ती रोज काम आटपून तीन-तीन तास बसली. कधी पडदा थांबणार याचा अंदाज बांधून ती आधीच बोट दाबायची. थांबलेल्या पडद्याच्या आत काय चाललं असेल ते मनाने धरून खेळायची. मिस्त्री छिन्नी मारता मारता तिच्याकडे बघायचा. आंधळ्याने वाट तुडवावी तशी ती खेळत होती, आणि वाट तिला पाठ होती म्हणून चालत होती. इतकी हुशार पोर आपल्या पोटी आली, असं त्याच्या मनात यायचं. एकदा तो "चहा घेतेस का?" असं विचारायला गेला. तिने कानावरचा हेडफोन काढून "काय?" विचारलं, तर त्याला तेवढंही सांगता येईना. तो नुसताच परत फिरला.

रविवार आला. दुपारी चारला ऊन पत्र्यावर तापत होतं आणि गावातले सगळे पंप चालू होते. आईने त्या वेळेपुरतं दार लावून घेतलं, गिऱ्हाईक नको म्हणून. खारीने केस घट्ट बांधले, हात धुतले, कोरडे केले. हेडफोन कानाला लावला. तिकडून कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि ती हसून म्हणाली, "हो ताई, तयार आहे."

खेळ सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला व्होल्टेज बसलं. खोलीतला दिवा पिवळा पडला, पंखा जागच्या जागी पाती मोजता येतील इतका मंदावला. शेजारी कुणाची तरी मोटार गुरगुरायला लागलेली ऐकू आली. स्टॅबिलायझर टकटकला आणि शांत झाला. मशीन हललंसुद्धा नाही. पडदा जसाच्या तसा. मिस्त्रीचा हात नकळत स्टॅबिलायझरवर गेला. बघ, त्याच्या तोंडावर आलं होतं, बघ, सगळं गाव बसलं आणि आपलं उभं आहे.

मग त्याने पोरीकडे बघितलं. ती ओठ दाताखाली धरून बसली होती. पडद्यावर धूर झाला होता, त्यात तिचे सोबती पुढे गेले होते आणि तिची बाई दारात थिजून उभी होती. बोटं पळत होती. बाई हलत नव्हती. तिकडून ओरडण्याचा आवाज हेडफोनबाहेर आला, "दार धर, दार धर!" आणि पडदा लाल झाला. तसं सात वेळा झालं. मिस्त्रीने मोजलं.

चाळीस मिनिटांनी संपलं. तिकडची ती ताई बराच वेळ बोलत होती. खार "हो," म्हणत होती. "हो, कळतंय. नाही, दुसरं नाही माझ्याकडे. नाही ताई, राग कशाचा?" मग तिने कानावरचं काढून टेबलावर ठेवलं. मशीन रीतसर बंद केलं. उठून मोटारींच्या रांगेशी गेली आणि पंपाची एक मोटार पुढे ओढली.

"काय म्हणाल्या?" आईने विचारलं.

"बोटं चांगली आहेत म्हणाल्या. मशीन घे म्हणाल्या. पण त्यांना याच आठवड्यात माणूस पाहिजे. दुसरी एक आहे, तिला घेतायत."

आई पडद्यामागे गेली. पदराने तोंड पुसल्याचं मिस्त्रीने बघितलं. आता काहीतरी बोलायला हवं होतं. तो पोरीसमोर उकिडवा बसला.

"खारे," तो म्हणाला. "मला काय कळतं गं त्या कार्डाबिर्डातलं? मला वाटलं, चालेल."

तिने मोटारीचं झाकण काढलं. स्क्रू एका वाटीत टाकले.

"दुकानदाराचा फोन आला होता मला," ती म्हणाली. "तुम्ही तिथे बसला होतात तेव्हा. म्हणाला, तुमचे वडील कार्ड काढायला सांगतायत, काय करू? मी म्हटलं, पैसे त्यांच्याकडे आहेत, ते म्हणतील ते करा. पण त्यांना आधी गिरणीच्या भाषेत समजावून सांगा. दहाचा स्टार्टर आणि अर्ध्याची मोटार. मीच सांगितलं ते त्याला. फोन बंद केला नव्हता त्याने. काउंटरवर होता. मी इथे बसून ऐकत होते."

मिस्त्रीच्या कानांत पत्र्याचं ऊन भरलं. काउंटरवर फोन ठेवलेला त्याला आता दिसला.

"मला वाटलं, कळल्यावर तुम्ही घ्याल," ती म्हणाली. मग मान वर करून सरळ त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "तुम्हाला कळलं होतं ना, बाबा?"

एवढाच प्रश्न होता. हो म्हटलं असतं तर काय झालं असतं ते देव जाणे. रडली असती, भांडली असती, घर डोक्यावर घेतलं असतं, आणि मग कदाचित दोघं एका ताटात जेवली असती. पण बापाची जात. तीस वर्षं दारात आलेल्याला तोंडावर सांगितलं, तुझी चूक, तू जाळलीस, आणि स्वतःच्या वेळी जीभ टाळूला चिकटली.

"नाही गं," तो म्हणाला. "दुकानात ती पोरं बडबडत होती. नीट ऐकूच आलं नाही."

तिने नजर मोटारीवर वळवली.

"बरं," ती म्हणाली आणि छिन्नी उचलून जळकी तार तोडायला लागली. ते त्याचं काम होतं. तिने त्याला छिन्नी दिली नाही.

एक तारखेला ती गेली. बाजाराच्या गावापलीकडे मोटारींचा कारखाना होता, तिथे तारेच्या वाइंडिंगला बायका घ्यायचे. ठरावीक पगार, कारखान्याजवळ चौघींत एक खोली. आईला ती म्हणाली, "कार्ड माझं मी घेईन, आई. सहा महिन्यांत होतंय." बापाला म्हणाली, "पंपाच्या दोन राहिल्यात. कुठल्या मोटारीला किती वेढे, कोणती तार, सगळं भिंतीवर लिहून ठेवलंय. मोठ्या अक्षरांत लिहिलंय, डाव्या डोळ्याने दिसेल."

"आणि हे मशीन?"

"राहू दे. बिलं लिहायला चांगलं आहे."

टोमणा होता का, ते त्याला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. पिशवी घेऊन तो थांब्यापर्यंत गेला. वाटेत दोघं पावसाबद्दल बोलली, या वर्षी लवकर येईल का उशिरा. गाडी आल्यावर ती वाकून पाया पडली आणि चढली.

तिसऱ्या दिवशी गिरणीवाला आला. मोटार चांगली चालली होती, नुसता बोलायला आला होता. "मिस्त्री, खार कारखान्यात गेली म्हणे? आणि तिथे काय, वाइंडिंगच ना? अहो, मग तेच काम इथे काय वाईट होतं?" तो स्वतःच्या विनोदावर हसला. मिस्त्री म्हणाला, "पोरं ऐकतात का आजकाल?" आणि नंतर कितीतरी वेळ त्याला स्वतःच्या तोंडाची किळस वाटत राहिली.

दुपारी त्याने पंपाची मोटार घेतली. भिंतीवरचा आकडा वाचला: ऐंशी वेढे. बायकोला पुढे बोलावलं आणि तारेचं रीळ तिच्या हातात दिलं. "सैल सोडत राहा. मी मोजत असताना बोलायचं नाही. आकडा चुकला की सगळं पहिल्यापासून."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. एवढी वर्षं पडद्यामागे दोघांच्या मोजण्याच्या वेळी तिने जीभ आवरली होती.

त्याने हँडल फिरवलं, मनातल्या मनात मोजत. एक, दोन, तीन. अंगठा थरथरत होता म्हणून तार साच्यावर शेजारी शेजारी न बसता एकमेकीवर चढत होती. तो थांबून नखाने सरळ करायचा आणि पुढे जायचा. वीस झाले. तीस झाले. बायको रीळ धरून बसली होती, नजर खाली. बाहेर कुणाचा तरी पंप चालला होता. एकेचाळीस, बेचाळीस.

त्याचा हात थांबला.

"कळलं होतं मला," तो म्हणाला.

बायकोने मान वर केली.

"दुकानात. तो म्हणाला ना, दळणार नाही म्हणून. सगळं कळलं होतं. कळूनच घेतलं नाही मी ते कार्ड. ती जाईल म्हणून."

त्याचा उजवा डोळा पांढरा झाला होता आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही.

"आता मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "तिने विचारलं होतं तुम्हाला."

त्याने हँडलकडे बघितलं, साच्यावरच्या तारेकडे बघितलं. "किती झाले होते गं?"

"मला काय माहीत? तुम्हीच म्हणालात, बोलायचं नाही. मी मोजलेच नाहीत."

तिने रीळ मांडीवर घेतलं आणि त्याने साच्यावर चढवलेली तार उलटी सोडवून घ्यायला सुरुवात केली, एकेक वेढा. सगळी सोडवून होईपर्यंत दोघंही बोलली नाहीत.

"फिरवा," ती म्हणाली. "एकपासून."